फोन कूलरजवळ धरा

माझं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं लेखन सतरा सेकंदांचं आहे. नागपुरातल्या एका कूलर दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला की ते ऐकू येतं, माझ्याच आवाजात. एप्रिल ते जून त्याला जेवढे श्रोते मिळतात तेवढे आमच्या घराण्यात कोणालाच मिळाले नाहीत, आणि आमच्या घराण्यात लिहिणं काही कमी झालेलं नाही. शेवटपर्यंत मात्र कोणी ऐकत नाही. मधेच बटण दाबतात. घाम गाळत उभ्या असलेल्या माणसाकडून साहित्यप्रेमाची अपेक्षा करू नये, एवढं मी त्यातून शिकले.

घराण्यात म्हणजे बाबा. बाबा पत्रकं लिहितात. एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात त्यांनी जन्मभर नोकरी केली, पण ती फक्त कोरे कागद मिळावेत म्हणून केली, असा आईला संशय आहे. नळाला पाणी नाही, पत्रक. वस्तीतल्या वाचनालयाची खिडकी फुटली, पत्रक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक पुस्तकं घ्यायला जातात. आम्ही पिशवी भरून पत्रकं वाटायला जायचो आणि तीच पिशवी दुसऱ्यांच्या पत्रकांनी भरून परत यायचो. फडताळात पत्रकं अंथरलेली, तेलाच्या बरणीखाली पत्रक, पावसाळ्यात ओल्या बुटांत कोंबलेली पत्रकं. वर्गातल्या बाकीच्या मुली बदक आणि मगर वाचत होत्या तेव्हा मी 'तीव्र निषेध' न अडखळता वाचायचे.

बाबांच्या पत्रकाचा साचा ठरलेला आहे. वर एक सवाल, मग त्या सवालाचं उत्तर न देणाऱ्यांचा समाचार, आणि खाली पाच मागण्या. मागण्या पाचच. चार निघाल्या तर ते चहा मागवतात आणि पाचवी सापडेपर्यंत उठत नाहीत.

कॉलेज संपल्यावर मला नोकरी लागली ती फोन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत. कंपनी म्हणजे आमचे सर, मी आणि एक टेबल. आम्ही छोट्या धंद्यांना इंटरनेटवर चालणारे फोन बसवून द्यायचो. टेबलावरचा फोन दिसायला साधाच, पण त्याची वायर खांबावर न जाता इंटरनेटच्या डब्यात जाते. दुकानाचा नंबर जुनाच राहतो. फक्त एकाच वेळी कितीतरी जणांचे फोन येऊ शकतात, कोणी कुठलं बटण दाबलं यावरून तो कोणाकडे जाणार हे ठरतं, आणि हवं तर तोच नंबर कोणाच्याही मोबाइलवर वाजतो, मग तो माणूस बुटीबोरीला असो की कन्हानला. मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग, रक्त तपासणारे, अशी आमची गिऱ्हाइकं. बाबा म्हणायचे, मुलगी भांडवलदारांच्या तारा जोडायला लागली. त्या महिन्यात मी जोडलेला सर्वांत मोठा भांडवलदार शेवया विकत होता.

माझं काम असं की दुकानात जाऊन बसायचं, कोणाला कशासाठी फोन येतात ते पाहायचं, 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' हे लिहून काढायचं आणि ते स्वतःच्याच आवाजात भरून द्यायचं. माहितीची पत्रकंही मीच लिहायचे. आमच्या फोनवर लिहिलेलं माझं एक वाक्य सरांना फार आवडलं होतं: 'गोंगाट नाही, फक्त माणसाचा आवाज.' ते त्यांनी मोठ्या अक्षरात छापलं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरायला फार आवडलं असतं.

कूलरचं दुकान सक्करदऱ्याच्या बाजूला. मार्चचा शेवट होता, आणि नागपुरात मार्चच्या शेवटी प्रत्येक घरातला माणूस माळ्यावरून किंवा गच्चीवरून कूलर खाली ओढतो आणि तो चालत नाही हे त्याला कळतं. मालकांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. नागपुरात आडनाव सांगितल्यावर जी छोटी शांतता पडते तिची लांबी मोजण्यात मी लहानपणापासून तयार झाले आहे. ही बेताची होती. मग त्यांनी चहा मागवला आणि त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात कसे इकडे आले ते सांगितलं. पुढच्या तीन आठवड्यांत ते पूर्वज मला इतक्या वेळा भेटले की रस्त्यात दिसले असते तर मी ओळखलं असतं. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त नवी वस्तू घेतली की जुन्या वस्तूचं काय करायचं हे तो आधी ठरवायचा.

फोनवर मावशी बसायच्या. अकरा वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांचे यजमान याच दुकानात मिस्त्री होते. ते गेल्यावर मावशी फोनवर आल्या. मार्च महिना आला की यजमान घरच्या अंगणातसुद्धा सात-आठ कूलर आणून दुरुस्त करायचे आणि ते रात्रंदिवस चालवून पाहायचे. मावशी सांगायच्या की लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी नवऱ्याचा आवाज कमी आणि मोटरचा जास्त ऐकला. त्यातून जे शिकल्या त्यावर दुकान चालत होतं, आणि ते दुकानाला माहीत नव्हतं.

कोणाचाही फोन आला की मावशी नाव विचारायच्या नाहीत, पत्ता विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "फोन कूलरजवळ धरा." मोबाइलवाल्याला स्पीकर चालू करायला लावायच्या. "अजून जवळ. आता गप बसा." मग डोळे मिटून ऐकायच्या. मी पहिल्या दिवशी बसले होते तेव्हा एका माणसाने कूलर पाणी फेकत नाही म्हणून आरडाओरडा चालवला होता. मावशींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पंप चांगला आहे बापा, आतली नळी निघाली आहे. झाकण काढून बसवा. माणूस नाही पाठवत मी." दुसऱ्याला सांगितलं की पंखा घासून राहिला, तेल टाका. तिसऱ्याला मात्र मोटर बंद करून प्लग काढायला लावला आणि मिस्त्री लगेच पाठवला. अर्धे फोन असे जागेवरच मिटायचे. उरलेल्या अर्ध्यांना काय सामान घेऊन जायचं हे मिस्त्र्यांना निघतानाच माहीत असायचं.

मी जुना फोन काढून नवा लावत होते तेव्हा मावशींनी विचारलं, "हा घरी वाजते का वं?"

"हो मावशी, कुठेही वाजतो," मी म्हटलं आणि सेटिंगचं पान उघडून बसले. त्या पानावर बऱ्याच चौकटी असतात. कुठली खूण करायची ते पाठ झालेलं असतं. मी सटासट केल्या.

स्वागताचा मजकूर मी मन लावून लिहिला होता. 'बंधू आणि भगिनींनो' पासून सुरुवात करून वाढत्या उन्हात पाण्याच्या काटकसरीबद्दल दोन वाक्यं आणि मग कुठलं बटण कशासाठी. दीड मिनिट झालं. सरांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं की कूलर दुरुस्त करायचा आहे की सभा घ्यायची आहे. बंधू-भगिनी गेले, पाण्याची काटकसर गेली, एक-दोन-तीन राहिलं.

पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दोनदा धरमपेठेतून आणि एकदा मानेवाड्यातून रिकाम्या हाताने परत आले. मावशींनी मोटर जळाली म्हणून पाठवलं होतं, आणि मोटर मस्त चालत होती. तिसऱ्या दिवशी मावशी फोनवर म्हणत राहिल्या, "चालू करा ना, चालू करा," आणि पलीकडचा माणूस म्हणत राहिला की चालूच आहे. हे दिवसभर चाललं. मालकांनी गल्ल्यावरून सगळं पाहिलं, आणि चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले की मावशींचे कान गेले. वय झालं, होतं असं. तसंही आता मशीनच विचारतं ना, एक की दोन. मे महिन्यापासून मावशींना आराम देऊ. हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता, आणि मला तोच जास्त लागला.

मीच लावलेल्या फोनमुळे एका बाईचं काम जाणार होतं. अशा वेळी दुसरं कोणी असतं तर मावशींशी जाऊन बोललं असतं. मी घरी जाऊन कागद घेतला.

बाबा माझ्या बारावीच्या निकालाला झाले नसतील इतके खूश झाले. मथळा मी दिला: 'यंत्र हवे की माणूस?' समाचार बाबांनी घेतला. मागण्या मी लिहिल्या. मावशींची खुर्ची कायम ठेवा, ही पहिली. खुर्चीच्या पाठीला टेकू द्या, कारण ती सुतळीने बांधलेली होती. दुपारी जेवणाची सुट्टी. नव्या फोनचं प्रशिक्षण. मग आम्ही अडलो, चहा झाला, आणि बाबांना पाचवी सापडली: मावशींच्या अनुभवाचा यथोचित सन्मान. यथोचित म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते मिस्त्र्यांना दिलं, पंप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना दिलं, आणि एक मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालकांनी चष्मा लावून वाचलं आणि सरांना फोन केला. आपणच विकलेल्या मालाविरुद्ध आपल्याच माणसाने पत्रक काढलं, असं नागपुरात पहिल्यांदाच होत असावं. सरांनी ते मागवून वाचलं. माझी नोकरी गेली असं मी समजून चालले होते. ते म्हणाले, "एवढं वाटलं तर खाली आपला नंबर काहून नाही टाकला? जाहिरात तरी झाली असती." मग म्हणाले, फोनची हमी आपली आहे, जाऊन काय बिघडलं ते पाहा.

मी गेले तर मावशी दुकानाच्या मागच्या अंगणात, उघड्या कूलरांच्या रांगेत बसून डबा खात होत्या. पत्रक त्यांच्या मांडीवर होतं. त्यावर लोणच्याचं तेल सांडलं होतं, पण वाचलेलं दिसत होतं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. कोणाच्या, ते मी ठरवलं नव्हतं.

"हे खुर्चीचं कोण बोललं तुले?" मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं की मालक तुम्हाला काढायला निघालेत.

"ते मले माहीत आहे. खुर्चीचं कोण बोललं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अकरा वर्षं झाली त्या खुर्चीत. कमर गेली माही. हुडकेश्वरवरून दोन ऑटो बदलून यावं लागते, या उन्हात. पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुले, घरी वाजते का म्हणून. तू हो म्हटलं अन् त्या फोनात घुसली. पाच मागण्या लिहिल्या तू, माही एकबी नाही त्यात. काम पाहिजे मले. खुर्ची तुह्या बाबाले दे."

पत्रकं वाटताना मला लोकांनी हाकललं आहे, एकदा एका दुकानदाराने माझ्यावर पाणीही टाकलं होतं. त्यातलं काही मला लागलं नव्हतं. हे लागलं, कारण ते बरोबर होतं. बाईचा प्रश्न माझ्या कानावर पडला होता आणि मी त्याला उत्तरसुद्धा दिलं होतं.

"अन् कान नाही गेले माहे," मावशी पुढे म्हणाल्या. "तो फोनच मरते मधात. पलीकडचा माणूस बोलून राहिला तोवर जित्ता. तो चूप बसला की मेला. कूलर ऐकूच येत नाही."

गोंगाट नाही, फक्त माणसाचा आवाज.

मी तिथून उठले आणि सेटिंगचं पान उघडलं. आमच्या फोनमध्ये एक चाळणी असते. माणूस बोलतो तेवढं पुढे जातं. पंखा, रस्ता, यंत्राची घरघर, जे काही एकसारखं वाजतं ते कचरा समजून फेकून दिलं जातं. शिकवणी वर्गाला हे वरदान आहे. कूलरवाल्यांकडे मात्र जे ऐकायचं होतं तेच आम्ही फेकत होतो, आणि जे फेकायचं होतं, म्हणजे तापलेल्या गिऱ्हाइकाची बडबड, ते स्वच्छ करून मावशींच्या कानात घालत होतो. ती खूण मीच केली होती. यंत्र हवे की माणूस, हा सवाल छापून झाला होता, आणि मावशींना यंत्रच हवं होतं.

मी खूण काढली. मग मालकांकडे गेले आणि दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या: चूक माझी होती, आणि मावशी घरून काम करू शकतात. पहिली त्यांना लगेच पटली. दुसरीवर ते हसले. "घरी बसून कोणी काम करते काय बेटा? इकडे फोन वाजत राहील अन् तिकडे पोळी तव्यावर असेल." मी म्हटलं, एकदा पाहा तर. मावशींना उद्या घरीच राहू द्या. तुम्ही इथून कूलर ऐकवा.

मालकांना पैज आवडते. कदाचित पूर्वजांकडून आलं असेल. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मावशी हुडकेश्वरला त्यांच्या घरी, मोबाइल कानाला लावून. आणि मालक अंगणात, कूलरांच्या रांगेसमोर. मी माझ्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मालकांच्या हातात दिला. मिस्त्री कामं टाकून भोवती उभे राहिले. मावशींचं काम राहतं की जातं हे आता ठरणार होतं. मावशींच्या घरून मागे कोंबडी ओरडल्याचा आवाज येत होता.

मालकांनी पहिल्या कूलरजवळ फोन धरला. मावशी म्हणाल्या, पंखा एका बाजूने ओढला जातो, आतला नट ढिला आहे. मिस्त्र्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्याजवळ धरला. त्यावर मावशींनी विचारलं की टाकीत पाणी टाकलं आहे का, कारण पंप कोरडा चालला आहे आणि असाच चालवला तर जळेल. पाणी टाकलं नव्हतं. मालकांनी स्वतः बादली आणायला सांगितली.

मग त्यांनी मिस्त्र्यांना डोळा मारला, ओठांवर बोट ठेवलं आणि फोन घेऊन पाय न वाजवता केबिनमध्ये गेले. आम्ही सगळे दारात. फोन त्यांनी टेबलावरच्या पंख्यासमोर धरला. पलीकडून फक्त कोंबडीचा आवाज आला. मला वाटलं, संपलं.

"मालक," मावशी म्हणाल्या, "हा तुमच्या केबिनमधला टेबल फॅन आहे. दोन सालापासून जाळी ढिली आहे त्याची, सांगून सांगून थकली मी. अन् त्या मिस्त्र्यायले म्हणा दात काढू नका, ऐकू येते."

मालकांनी वाकून जाळीला हात लावला. ती वाजायची थांबली. मग हात काढला, परत वाजली. त्यांनी असं दोनदा केलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "मे महिना पाहू." मे गेला, जून गेला, मावशी घरीच आहेत. खुर्चीवर आता पंपांची खोकी ठेवतात. सुतळी तशीच आहे, दुसरी मागणीही मान्य झाली नाही.

सतरा सेकंदांचा मजकूर मी नव्याने लिहिला, आणि या वेळी आधी मावशींना विचारून. 'नमस्कार. कूलर नवा घ्यायचा असेल तर एक दाबा. बंद असेल तर दोन दाबा. चालू असून आवाज करत असेल किंवा पाणी फेकत नसेल तर आधी त्याच्याजवळ जा, आणि मग तीन दाबा.' 'आधी त्याच्याजवळ जा' हे मावशींचं आहे. सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे, हे मी नाखुशीने मान्य करते.

चाळणी काढल्यामुळे आता मावशींना सगळंच ऐकू येतं. कोणाच्या घरी कुकर किती शिट्ट्यांवर आहे, कोणाकडे सासू-सून भांडतात, कोणाचं पोर अभ्यासाला बसलेलं नाही. हे त्यांच्या मनात असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

मेमध्ये एका दुपारी आमच्या घरचा कूलर खडखडायला लागला. मी साध्या गिऱ्हाइकासारखा फोन लावला, स्वतःचाच आवाज ऐकला, मधेच तीन दाबलं, आणि स्पीकर चालू करून फोन कूलरजवळ धरला.

"कूलर ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "पाय हालून राहिला त्याचा. खाली कागद दुमडून लाव, तुमच्या घरी कागदाची काय कमी. अन् मागं कोण बोलून राहिलं?"

मागे बाबा होते. चौकातल्या फळांच्या हातगाड्यांना हलवणार अशी बातमी होती, आणि बाबा फेरीवाल्यांच्या पाच मागण्या आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. मी मावशींना तसं सांगितलं.

"त्यायले विचारलं का, काय पाहिजे म्हणून?" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्याचा येत होता.

स्पीकर चालू होता. बाबा वाचायचे थांबले. आईने पंख्याकडे पाहिलं, म्हणजे तिला हसू येत होतं. बाबांनी कागदाकडे पाहिलं, तो माझ्या हातात दिला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि चपला घालून त्या उन्हात बाहेर पडले. मी तो कागद चार घड्या करून कूलरच्या पायाखाली सरकवला. खडखड बंद झाली.

ते तासाभराने परत आले तेव्हा त्यांच्याकडे दोनच मागण्या होत्या. पहिली, सावलीची जागा. दुसरी, पत्रकं वाटणाऱ्यांनी गाडीच्या पुढ्यात उभं राहू नये, गिऱ्हाईक अडतं. बाबा पाणी प्यायले आणि दोन्ही त्यांनी तशाच लिहून काढल्या. चहा मागवला नाही.